मुलांचे व्हिडिओ कॉल : कॉल कापायची मुभा कोणाला?

कोवळंऊन (धागाकर्ती)

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. शाळेचे काही तास, गटाने करायचे प्रकल्प, मैत्रिणींच्या गप्पा, लांबच्या भावंडांशी खेळणं, यातलं निम्मंअधिक आता व्हिडिओ कॉलवर होतं. ओळखीच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच आहे. पण पालक या विषयावर बोलायला बसले की गाडी दोनच ठिकाणी अडते: स्क्रीनचे तास किती, आणि ॲप कुठलं चांगलं. मला या दोन्हींच्या आधी येणारी गोष्ट मांडायची आहे.

कॉल चालू असताना मुलाला भीती वाटली, किळस आली, अवघडल्यासारखं झालं किंवा नुसतं 'काहीतरी बरोबर नाही' एवढंच वाटलं, तरी त्याने त्या क्षणी कॉल कापावा. कोणाला न विचारता, कारण न देता, समोर कोणीही असो. आणि त्याबद्दल घरात एक शब्दही ऐकून घ्यायची वेळ त्याच्यावर येऊ नये. ही मुभा आपल्याला आहे हे मुलाला पक्कं ठाऊक हवं. बाकी सगळी सेटिंग्ज त्यानंतर.

ऐकायला सोपं वाटतं, पण आपण रोज नेमकं उलट शिकवत असतो. "मोठी माणसं बोलत असताना मध्येच उठू नये." "सर काय म्हणतील?" "बोल ना, काका किती दिवसांनी फोन करतोय, जरा तोंड दाखव." मूल लाजून टेबलाखाली शिरतं आणि आपण फोन घेऊन त्याच्या मागे वाकतो. यातून ते एवढंच शिकतं की कॅमेरा समोर आला की नको म्हणायचं नसतं. मुलांना जाळ्यात ओढणारी माणसं याच सवयीचा फायदा घेतात. ती पहिल्याच दिवशी धमकी देत नाहीत. आधी गोड बोलतात, मग एक छोटीशी गोष्ट करायला सांगतात, मग त्याहून थोडी मोठी.

म्हणून आम्ही घरी रंगीत तालीम करतो. मी पलीकडच्या खोलीतून तिला कॉल लावते आणि गप्पांच्या ओघात एखादं खटकणारं वाक्य सोडते. "हे आपल्या दोघींतच ठेव हं." "दार लावून घे ना जरा." "इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये." "कॅमेरा थोडा खाली कर." वाक्य कानावर पडलं की तिने कापायचं. सुरुवातीला ती हसत बसायची, मग "पण का?" विचारायला लागली. त्या 'का'मधूनच आमचं सगळ्यात चांगलं बोलणं झालं. आता माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कॉल गेलेला असतो.

यात एक बारीकशी गोष्ट लक्षात आली. बऱ्याच ॲपमध्ये कॉल सुरू होऊन काही सेकंद झाले की बटणं दिसेनाशी होतात. पडद्यावर एकदा बोट टेकवलं की लाल बटण परत येतं. आपल्या हाताला याची सवय असते, पण घाबरलेल्या मुलाला ते सुचेलच असं नाही. म्हणून दुसरी वाटही पाठ करून घेतली: बटण सापडलं नाही तर फोन पालथा टाकायचा, लॅपटॉप असेल तर झाकण मिटायचं, आणि खोलीबाहेर यायचं.

तुमच्याकडे काय करता? शाळेत शिकवणारे, मुलांबरोबर काम करणारे, तांत्रिक बाजू जाणणारे, सगळ्यांनी लिहा. मुलं वाचत असतील तर त्यांनीही.

दोनाचीआई

अगदी मनातलं लिहिलंत. काकांच्या फोनचा परिच्छेद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला.

खडूफळा

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. शाळेच्या बाजूने लिहितो, जरा लांबेल.

मार्च २०२० मध्ये देशोदेशीच्या शाळा एकदम ऑनलाइन गेल्या आणि तासांत घुसखोरी सुरू झाली. 'झूमबॉम्बिंग' हा शब्द तेव्हाचाच. अमेरिकेच्या एफबीआयने ३० मार्च २०२० ला जो इशारा दिला त्यात मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेचं उदाहरण होतं. भर तासात कोणी अनोळखी शिरला, शिवी दिली आणि शिक्षकाच्या घरचा पत्ता ओरडून सांगितला. पुढच्याच महिन्यात झूमने शाळांच्या आणि फुकट खात्यांसाठी पासवर्ड आणि वेटिंग रूम (शिक्षकाने आत घेईपर्यंत बाहेर थांबायची जागा) आधीपासूनच चालू ठेवायला सुरुवात केली. तेवढ्याने प्रश्न मिटला असं बऱ्याच जणांनी धरून घेतलं.

तो मिटला नाही, आणि का मिटला नाही हे पालकांनी समजून घ्यायला हवं. बिंगहॅम्टन आणि बॉस्टन विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशा हल्ल्यांसाठी इंटरनेटवर दिलेली निमंत्रणं गोळा करून तपासली. बहुतेक वेळा लिंक आणि पासवर्ड आतल्याच कोणीतरी बाहेर दिलेला होता, आणि वर्गांच्या बाबतीत हा आतला माणूस म्हणजे विद्यार्थीच. वर्गातल्या खऱ्या मुलाचं नाव लावून आत या, असंही काही ठिकाणी सुचवलेलं होतं. म्हणजे पासवर्ड असून उपयोग नाही आणि वेटिंग रूमवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. त्यांच्या मते खरा उपाय म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची स्वतःची वेगळी लिंक, जी एका वेळी एकालाच वापरता येते. तुमच्या शाळेत ही सोय आहे का ते विचारा. आणि आपल्या मुलाला समजवा की तासाची लिंक 'गंमत म्हणून' बाहेर पाठवली तर वर्गातल्या सगळ्यात लहानखुऱ्या, बुजऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे काय येऊ शकतं. मुलांना हे सांगितलं की कळतं. आपण सांगत नाही.

वेटिंग रूममध्ये मला दिसणारी नावं सांगतो: 'आयफोन', 'आई', 'टॅब २', 'युजर'. यातलं कोण माझ्या वर्गातलं आणि कोण नाही, हे मी कसं ओळखायचं? आमच्याकडे आता पहिलं नाव आणि हजेरी क्रमांक असं लिहिल्याशिवाय आत घेत नाही. आडनाव नको, शाळेचं नाव तर नकोच.

तास संपवतानाची एक गोष्ट बऱ्याच शिक्षकांच्या ध्यानात येत नाही. शिक्षक नुसते बाहेर पडले तर काही ॲपमध्ये कॉल तसाच चालू राहतो आणि मुलं आत राहतात. एखाद्याला सगळ्यांनी मिळून छळायचं असेल तर याहून सोयीची जागा नाही. 'सगळ्यांसाठी कॉल संपवा' हे वेगळं बटण असतं, तेच दाबायचं.

एकट्या मुलाला शिक्षकाने स्वतःच्या खासगी खात्यावरून व्हिडिओ कॉल करू नये. शंका सोडवायच्या असतील तर शाळेच्या खात्यावरून, पालकांना आधी कळवून. कोणी याहून वेगळं करत असेल तर तुम्ही बिनदिक्कत विचारा. चांगल्या शिक्षकाला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

कॅमेरा सक्तीने चालू ठेवायला लावण्याच्या मी विरोधात आहे. कोणाच्या घरात एकच खोली असते, मागे कोणी आजारी असतं. शिवाय स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलचा शीण का येतो याची जी कारणं मांडली, त्यात स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसणं हे एक आहे. वाढत्या वयाच्या मुलामुलींना ते किती जड जातं हे मी तासाला पाहतो: अर्धं लक्ष केसांकडे. 'स्वतःचं चित्र लपवा' ही सोय झूम, मीट दोन्हीकडे आहे. इतरांना तुम्ही दिसता, तुम्हाला तुम्ही दिसत नाही. मुलांना आधी ती दाखवा.

पालकांना कळकळीची विनंती: 'आमच्या बाळाचा ऑनलाइन वर्ग' म्हणून स्क्रीनचा फोटो कुठेही टाकू नका. त्यात इतरांची वीस-पंचवीस मुलं असतात, खाली नावांसकट.

सरळरेघ

सगळं वाचलं. पण इतका व्याप कशासाठी? बहुतेक ॲपची स्वतःचीच अट १३ वर्षांची आहे. तोवर शाळेचे तास सोडून व्हिडिओ कॉल बंद. मुलांनी मैदानावर भेटावं. आमच्या घरी हाच नियम आहे आणि काहीही अडत नाही. मुलाच्या हातात कॅमेरा आणि जगभरची माणसं, हे दोन्ही एकदम द्यायची घाई का?

मनमोकळं

सरळरेघ, मुलांनी प्रत्यक्ष भेटावं या तुमच्या आग्रहाशी मी पूर्ण सहमत आहे. मी शाळेत समुपदेशक आहे. बंदीबद्दल मात्र दोन गोष्टी लिहिते.

१३ हा आकडा मुलांच्या समजुतीचा अभ्यास करून ठरलेला नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाबद्दल जो कायदा झाला, त्यात १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही असं ठरलं. कंपन्यांनी ती कटकट टाळण्यासाठी १३ ची अट घातली आणि तीच जगभर पसरली. तेराव्या वाढदिवसाला मुलाला कुणाचं वागणं खटकायला लागेल याची हमी त्यात नाही. बारा वर्षं कधी कॉलच केला नाही आणि तेराव्या वर्षी खोलीचं दार लावून एकट्याने सुरुवात केली, हा क्रम मला जास्त धोक्याचा वाटतो. सहा-सात वर्षांच्या मुलाशेजारी आपण बसू शकतो. चौदा वर्षांचं मूल आपल्याला शेजारी बसू देत नाही.

दुसरं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी कडक बंदी असते, ती मित्राच्या फोनवरून कॉल करतात. तिथे काही विपरीत घडलं की त्यांच्यापुढे दोन संकटं असतात: घडलेलं सांगायचं, आणि बंदी मोडली हेही सांगायचं. बहुतेकदा ती दोन्ही गिळून टाकतात.

'अनोळखी माणसाशी कॉल' पुरवणाऱ्या साइटवर मात्र माझंही म्हणणं ठाम बंदीचं आहे. ओमेगल २००९ पासून १४ वर्षं चालली. कुणालाही कुणाशीही जोडून द्यायचं, हाच तिचा खेळ. एका तरुणीने या कंपनीवर दावा लावला होता: ती ११ वर्षांची असताना या साइटने तिची गाठ एका लैंगिक अत्याचार करणाऱ्याशी घालून दिली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली आणि साइट बंद पडली. तशाच दुसऱ्या साइट आजही चालू आहेत. मुलांना कंटाळा आला की ती घोळक्याने तिथे जातात, 'बघू तरी कोण येतं' म्हणून. त्यांना हा इतिहास सांगा. नुसतं 'वाईट असतं' म्हणून भागत नाही.

सरळरेघ

मित्राच्या फोनचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. आकड्यामागचं कारण माहीत नव्हतं. दहा वर्षांखाली मी तरी नाहीच म्हणेन, पण शेजारी बसून केलेला कॉल वेगळा, हे मान्य.

रात्रपाळी

सॉफ्टवेअरमध्ये आहे. सगळी ॲप गिरवत बसत नाही, जिथे खरंच फरक पडतो तेवढंच लिहितो.

व्हॉट्सॲपवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स इथे जाऊन अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, २०२३ पासून. तिथेच ग्रुप्समध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा, म्हणजे कुणीही उठून मुलाला ग्रुपमध्ये ओढणार नाही. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण एकदा ग्रुपमध्ये घेतलं की ग्रुप कॉलची घंटा मुलाच्या फोनवरही वाजते. लिंक देऊन चालणाऱ्या कॉलचं तर विचारायलाच नको, लिंक फिरत कुठपर्यंत गेली हे पाठवणाऱ्यालाही कळत नाही.

स्क्रीन शेअर हा मला सगळ्यात दुर्लक्षित धोका वाटतो. मूल गृहपाठ दाखवायला म्हणून पूर्ण स्क्रीन शेअर करतं. त्याच वेळी वरून आईचा खासगी मेसेज, बँकेचा ओटीपी, गॅलरीतले फोटो असं सगळं समोरच्याला दिसू शकतं. काही भामटे तर मुद्दाम "तुझी स्क्रीन दाखव, मी गेममध्ये नाणी कशी मिळवायची ते शिकवतो" असं सांगतात. कॉम्प्युटरवर पूर्ण स्क्रीनऐवजी एकच खिडकी किंवा एकच टॅब शेअर करता येतो, तो शिकवा. फोनवर शेअर करायची वेळ आलीच तर आधी 'व्यत्यय नको' चालू करा.

चौकटीत मागे काय दिसतंय ते एकदा मुलाच्या जागी बसून, त्याच कॅमेऱ्यातून पाहा. आपण उभ्याने पाहतो तेव्हा दिसत नाही अशा गोष्टी तिथे असतात: दाराला अडकवलेला शाळेचा गणवेश, भिंतीवरचं नावासकट प्रमाणपत्र, खिडकीतून समोरच्या इमारतीची पाटी, आरशात कपडे बदलणारा धाकटा भाऊ. पार्श्वभूमी धूसर करायची सोय चांगली आहे, पण मूल हललं की कडेने मागचं उघडं पडतं. कोरी भिंत सगळ्यात बरी.

चेहरा दिसला म्हणजे ओळख पटली, हे आता धरून चालू नका. दुसऱ्याच मुलाची आधी काढून ठेवलेली चित्रफीत 'लाइव्ह' म्हणून दाखवायची युक्ती जुनी आहे: आवाज बिघडलाय म्हणतात आणि फक्त टाइप करतात. आता कॉल चालू असतानाच चेहरा बदलता येतो. हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपले वरिष्ठ आणि सहकारी पाहून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. कॉलवरची ती सगळी माणसं बनावट होती. २०२४ च्या सुरुवातीला हे उघडकीस आलं. मोठ्यांना जे ओळखता आलं नाही ते मुलाने ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका. म्हणून आमच्या घरी एकच कसोटी: ज्याला आपण प्रत्यक्ष भेटलोय त्याच्याशीच कॉल. नवीन मित्र कॉलवर यायचा असेल तर आधी त्याच्या पालकांशी माझं बोलणं.

ॲपमध्येही चुका असतात हेही मुलांना कळू द्या. २०१९ च्या जानेवारीत ॲपलच्या ग्रुप फेसटाइममध्ये असा दोष निघाला की समोरच्याने फोन उचलायच्या आधीच त्याच्याकडचं बोलणं ऐकू यायचं. तो एका १४ वर्षांच्या मुलाच्या लक्षात आला, मित्रांना गेमसाठी कॉल लावताना. त्याच्या आईने कंपनीला कळवायची खटपट केली, पण त्या सोयीला टाळं लागलं ते बातमी जगभर झाल्यावर. माझ्या मुलाला ही गोष्ट फार आवडते. 'विचित्र काही दिसलं तर सांग' हे मी सांगतो त्यापेक्षा या गोष्टीने त्याला जास्त पटलं.

कॅमेऱ्याला झाकण लावणाऱ्यांना एक सूचना. लॅपटॉप मिटताना जाड झाकण तसंच राहिलं तर स्क्रीनला तडा जाऊ शकतो, ॲपलने तसं जाहीर बजावलं आहे. पातळ कागदी पट्टी लावा.

हातवारे

माझा मुलगा कर्णबधिर आहे, आम्ही खुणांच्या भाषेत बोलतो. व्हिडिओ कॉल ही आमच्यासाठी चैन नाही. मित्रांशी स्वतःच्या भाषेत मोकळं बोलायची त्याची ती एकमेव वाट आहे. 'शंका आली तर कॅमेरा बंद ठेव' हा सल्ला आमच्याकडे लागू पडत नाही, कॅमेरा बंद म्हणजे तोंडच बंद. शिवाय पालकांनी पलीकडच्या खोलीतून कानोसा घ्यावा हेही जमत नाही, पाहावंच लागतं. पण त्याच्या गप्पा पाहणं म्हणजे चोरून ऐकणंच झालं ना? त्यालाही खासगी बोलणं हवंय. आम्ही असं ठरवलंय की टेबल दिवाणखान्यात, स्क्रीन भिंतीकडे, माझ्याकडे त्याचा चेहरा. हात दिसत नाहीत, पण चेहरा उतरला तर मला लगेच कळतं.

धूसर पार्श्वभूमीमुळे हलणारी बोटं मध्येच गायब होतात, म्हणून आम्ही ती वापरत नाही. शाळांनीही अशा मुलांच्या बाबतीत ती बंद ठेवावी.

कोवळंऊन

हातवारे, 'स्क्रीन भिंतीकडे, चेहरा माझ्याकडे' ही मांडणी ऐकू येणाऱ्या मुलांसाठीही चांगली आहे. मूल हेडफोन घालून बसलं की आपल्याला एकच बाजू ऐकू येते, त्यामुळे चेहरा दिसलेलाच बरा. मी आजच टेबल फिरवते.

दहावीतली

मी पंधरा वर्षांची आहे. मुलांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहितेय.

मोठ्यांना वाटतं की आम्हाला धोका फक्त अनोळखी माणसांचा आहे. माझ्या वयाच्या मुलींना रोजचा त्रास ओळखीच्यांचाच जास्त असतो. ग्रुप कॉल चालू असताना कोणीतरी तुमचा तोंड वेडंवाकडं असतानाचा स्क्रीनशॉट काढतं आणि त्याचं स्टिकर होतं. ते वर्गात महिनोन्‌महिने फिरतं. किंवा चौघींचा कॉल चालू असतो आणि पाचवीला मुद्दाम घेत नाहीत, मग तो कॉल चालू असल्याचा फोटो तिलाच दिसेल असा टाकतात. एखाद्या मैत्रिणीच्या कॉलवर तिचा मोठा भाऊ आणि त्याचे मित्र मागे बसून बघत असतात आणि ती सांगतही नाही. आम्ही आता कॉल सुरू झाला की आधी विचारतो, "खोलीत कोण आहे?" आणि जी आहेत त्यांनी कॅमेऱ्यात येऊन दिसायचं. आधी सगळ्यांना आगाऊपणा वाटला, आता कुणाला काही वाटत नाही.

आम्ही घरी का सांगत नाही? कारण सांगितलं की पहिली गोष्ट होते ती फोन जप्त. म्हणजे त्रास दुसऱ्याने दिला आणि मैत्रिणींपासून तुटलो आम्ही. तुम्ही फोन काढून घेणार नाही असं आधीच, काहीही झालेलं नसताना सांगा. झाल्यावर सांगून आम्हाला खरं वाटत नाही.

नातवंडांचीआजी

या मुलीचा प्रतिसाद सगळ्या पालकांनी वाचावा.

माझी नातवंडं लांब राहतात, व्हिडिओ कॉल नसता तर त्यांचे चेहरे मी वर्षाकाठी पाहिले असते. धाकटी दीड वर्षाचीही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको असं सांगितलं, त्यात व्हिडिओ गप्पा तेवढ्या वगळल्या होत्या, असं सुनेने वाचून सांगितलं. पण शेजारी कोणीतरी मोठं हवं, नाहीतर त्या वयात मुलाला ते कळत नाही. मी भुवया उडवते, आई तिच्या भुवयांना हात लावते, मग ती हसते.

थोरल्याशी आता माझा वेगळा करार आहे. कॉल लागला की मी त्याच्या आईशी बोलते. त्याला यायचं असलं तर तो येतो, दोन मिनिटं चित्र दाखवतो आणि "आजी, कापतो" म्हणून जातो. पूर्वी त्याला धरून बसवायचे तेव्हा तो "हो", "नाही" यापलीकडे बोलत नसे.

मनमोकळं

'दहावीतली', तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांबद्दल मनापासून आभार. त्यांनाच जोडून मला एक जड विषय लिहायचा आहे. तो टाळला तर हा धागा अपुरा राहील.

कॉलवर एखाद्या मुलाला किंवा मुलीला फूस लावून कपडे काढायला लावतात, पलीकडे गुपचूप रेकॉर्ड करतात आणि मग धमकी सुरू होते: पैसे पाठव, नाहीतर हे तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना पाठवतो. कधी पैशांऐवजी आणखी चित्रं मागतात. पैसे मागणाऱ्या टोळ्यांचं लक्ष्य बरेचदा किशोरवयीन मुलगे असतात, हे पालकांच्या ध्यानातच नसतं. सगळी काळजी मुलींची करतात आणि मुलगा एकटाच आतल्या आत झुरत राहतो. या धमक्यांपायी मुलांनी जीव दिल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून सांगते, अशा वेळी तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य फार मोलाचं आहे. "असं केलंसच कसं?" हे वाक्य त्या रात्री नको. "सांगितलंस ते फार बरं केलंस, आता हे आपण दोघं मिळून निस्तरू" एवढंच पुरे. त्या रात्री मुलाला एकटं झोपवू नका.

पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. उत्तर देणं थांबवा. पण रागाच्या भरात मेसेज, नंबर, खात्याचं नाव काहीही पुसू नका, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. मुलाच्या त्या चित्रांचे मात्र नव्हे, ती कोणालाही पुढे पाठवू नका, पुरावा म्हणूनसुद्धा. मग खातं ब्लॉक करा, ॲपमध्ये तक्रार करा आणि पोलिसांकडे जा.

'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रेन या संस्थेची आहे, २०२३ मध्ये जाहीर झाली आणि जगात कुठूनही वापरता येते. चित्रात दिसणारी व्यक्ती तेव्हा १८ वर्षांखाली असली पाहिजे. नाव द्यावं लागत नाही आणि चित्रही पाठवावं लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या चित्राचा एक अंकी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांना जातो, आणि त्या आपापल्या ठिकाणी ते चित्र हुडकून काढून टाकतात. एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही आतलं न दिसणाऱ्या मेसेजमधून फिरणारं चित्र यातून थांबत नाही, तेवढी मर्यादा आहे. तरीही मुलाला जेव्हा कळतं की आपल्या हातात करण्यासारखं काहीतरी आहे, तेव्हा त्याचा श्वास जरा मोकळा होतो.

दोनाचीआई

मनमोकळं, थोरला चौदाचा आहे. त्याच्याशी हे बोलायचं कसं, काही न घडलेलं असताना?

मनमोकळं

समोरासमोर बसवून नको. गाडीत, भांडी आवरताना, कुठेतरी चालत जाताना, जिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही. त्याच्याबद्दल सुरुवात करू नका. "असं काही मुलांबरोबर होतं म्हणे, तुझ्या कोणा मित्राला झालं तर तू त्याला काय सांगशील?" असं विचारा आणि गप्प राहा. तो बोलेल. शेवटी एवढंच सांगा की आमच्या घरात यासाठी फोन जप्त होणार नाही.

नवीनपान

सगळे प्रतिसाद वाचले. सुट्टीत दर आठवड्याला मुलांचा ऑनलाइन वाचनगट सुरू करायचा विचार आहे, आठ ते अकरा वयाची दहाबारा मुलं. लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकू का? आणखी काय बघू?

रात्रपाळी

ग्रुपवर नको, प्रत्येक पालकाला वेगळी पाठवा, आणि दर आठवड्याला नवीन. स्क्रीन शेअर फक्त तुमच्याकडे ठेवा, मुलांचं आपसातलं खासगी चॅट बंद. सगळी मुलं आली की मीटिंगला कुलूप लावा. रेकॉर्ड करू नका. आणि तुम्ही एकट्या नको, आणखी एक पालक सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॉलवर हवा.

खडूफळा

यात एक भर. मीटिंगला कुलूप लावलं की बाहेर पडलेल्या मुलालाही परत येता येत नाही, म्हणून त्याच्या घरी फोन करायचं काम त्या दुसऱ्या पालकाकडे द्या. आमच्या शाळेत हाच नियम आहे: मूल मध्येच बाहेर पडलं तर हजेरी जात नाही, "का गेलास?" असं सगळ्यांसमोर विचारत नाही, आणि थोड्या वेळात घरी फोन जातो, "सगळं ठीक आहे ना?" एवढ्यासाठीच. पहिल्या दिवशी कुलूप न लावता पाच मिनिटं फक्त आत-बाहेर करायला ठेवा. प्रत्येकाने कॉल कापायचा आणि परत यायचं. मुलं हसतील, गोंधळ होईल, होऊ द्या. मग पुस्तक उघडा.